वेचणीचे दिवस, पालक सभा आणि रिकाम्या सतरंज्या

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की पालक सभेबद्दल काही विचारायचं असेल तर लिहून पाठवा, तर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळे घेणं शक्यच नाही, त्यातले पाच घेतले आहेत. नावं छापत नाही, गाव लहान असते आणि कोणाबद्दल लिहिलं ते लगेच समजते. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बहुतेक विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्यात, त्यामुळे जे सांगते ते तिथलंच आहे.

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात एका गावात चौथीला शिकवतो, नोकरीचं दुसरंच वर्ष आहे. वर्गात २४ मुलं. नोव्हेंबरमध्ये पालक सभा ठेवली, दुपारी तीनला. मुलांच्या हाती नोटीस पाठवली, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पण टाकली, सतरंज्या टाकून बसलो तर सहा जण आले, त्यातले दोघं तर शाळेसमोरच राहतात. इथल्या पालकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलंच नाही असं वाटायला लागलंय. काय करू?

सर, पहिले तर ते शेवटचं वाक्य मनातून काढून टाका, कारण ते एकदा मनात बसलं की मग पालक आला तरी आपण त्याच्याशी त्याच नजरेनं बोलतो आणि त्याला ते कळते.

आता तुमची तारीख बघा. नोव्हेंबर, दुपारी तीन. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, झाली की आपल्याकडच्या बाया वावरात, दसऱ्यापासून ते पार जानेवारीपर्यंत वेचणी चालते आणि वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणजे दुपारी अडीचला कंबरेला बांधलेली कापसाची ओटी सोडून शाळेत यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचा कापूस गेला. त्यात ती एकटी निघू शकत नाही, पाच-सात जणींची टोळी असते, ऑटो सगळ्यांना मिळून परत आणते. तुम्ही त्या माऊलीला बोलावलं तेव्हा ती दोन-तीन किलोमीटरवरच्या वावरात होती हो. त्याच्या आधी सोयाबीनची सोंगणी, नंतर तूर. भंडारा-गोंदियाकडे असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, आणि गडचिरोलीकडे उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. आपल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे पहिल्याच महिन्यात पेरणी-डवरणीची गडबड. वर्षाचं शाळेचं वेळापत्रक वरून येते पण गावाचं वेळापत्रक गावात विचारूनच कळते.

मी काय करायची ते सांगते. बाजाराचा दिवस पकडायची. आठवडी बाजाराच्या दिवशी बहुतेक ठिकाणी मजुरीला सुट्टी असते किंवा काम लवकर सुटते, हप्त्याचा चुकारा पण त्याच दिवशी होतो, बाया अंघोळ करून, साडी बदलून गावातच असतात. बाजार संध्याकाळी, तर सकाळी आठ ते दहा सभा. ज्या गावात बाजार नाही तिथे अमावस्येला, अमावस्येला बैल जुंपत नाहीत, बरेच जण वावरात जात नाहीत. एका गावात तर मी संध्याकाळी साडेसातला घेतली, स्वयंपाक व्हायच्या आधी, शाळेत लाइट नव्हती तर समाजमंदिरात. मला स्वतःला बस चुकल्यामुळे तिथेच मुक्काम करावा लागला पण २४ पैकी एकोणीस घरचे आले.

आणि सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायचा हट्ट कशाला? तांड्यावरचे पालक असतील तर तांड्यावर जा, आठ घरचे तिथेच झाडाखाली भेटतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २४ पाहा, त्यात शिक्षकाच्या कर्तव्यांमध्येच लिहिलं आहे की पालकांच्या नियमित भेटी घ्यायच्या आणि लेकराची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती हे त्यांना सांगायचं. त्यात कुठेही असं नाही की शाळेच्या हॉलमध्ये दुपारी तीनलाच सांगायचं.

नोटीसचं म्हणाल तर तुमची नोटीस मी वाचली, तुम्ही फोटो पाठवला ते बरं केलं. "उपस्थित राहणे अनिवार्य आहे, अनुपस्थित राहिल्यास शाळा जबाबदार राहणार नाही." सर, ही भाषा बँकेच्या वसुलीच्या कागदासारखी आहे. ज्याच्या घरी तसले कागद येतात तो असा कागद पाहूनच घाबरते. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा फोन बापाच्या खिशात आणि बाप वावरात, आईला मेसेज पोचतच नाही. टाइप करण्यापेक्षा स्वतःच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाका, तो घरात सगळ्यांना ऐकू येते. पण सगळ्यात भारी निरोप लेकराचा. प्रत्येक पोराला सांगा की घरी जाऊन म्हण, "माय, माही वही पाहाले ये, सरनं तुलेच बलावलं." त्याच्यासाठी माय येते, मी पाहिलं आहे.

प्रश्न: मी बुलढाणा जिल्ह्यातली शिक्षिका. सातवीच्या सभेत मी एका मुलाबद्दल सांगितलं की अभ्यास करत नाही, वर्गात गोंधळ घालतो, गृहपाठ नसतो. खरंच होतं ते. त्याचे वडील उठले आणि सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली मारली. मुलगा पळून गेला, दोन दिवस शाळेत आला नाही. मला झोप लागली नाही. माझं कुठे चुकलं?

ताई, तुम्हाला झोप लागली नाही यातच मला तुमच्याबद्दल सगळं कळलं. पण चुकलं आहे, आणि हीच चूक मी पण केली आहे म्हणून मोकळेपणाने सांगते.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी पालक सभेत मार्क वाचून दाखवले होते, पहिल्या नंबरपासून शेवटच्यापर्यंत. तेव्हा तशीच पद्धत होती, मोठे सर पण तसंच करायचे. शेवटचं नाव जिच्या पोरीचं होतं ती बाई मागे भिंतीला टेकून बसली होती, मी नाव वाचलं तर तिने पदर डोक्यावरून थोडा खाली ओढला, बस, एवढंच. ती पोरगी सातवी होईपर्यंत शाळेत होती, पण ती बाई त्या शाळेच्या फाटकाच्या आत पुन्हा आली नाही. रस्त्यात दिसली तरी बाजूने जायची.

गावात चारचौघांत लेकराची तक्रार झाली म्हणजे ती बापाची तक्रार झाली. भाऊबंद बसलेले असतात, ज्याच्याशी धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आहे तो पण बसलेला असतो. मग बाप काय करणार, आपण बाप आहो हे दाखवायला हात उचलतो. मी त्याचं समर्थन करत नाही, मार कुठूनच नको, शाळेत तर कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद आहेत. पण बापाचा हात उठला तेव्हा त्याला तिथे नेऊन ठेवणारं आपलंच वाक्य होतं, हे मान्य करावं लागते.

म्हणून नियमच करून टाका: सगळ्यांसमोर फक्त वर्गाबद्दल बोलायचं. कोणतं पुस्तक चालू आहे, परीक्षा कधी, काय उपक्रम झाला. एकेका लेकराबद्दल जे काय ते बाजूला, एकेका घराशी, खुर्ची-टेबल नको, दोघंही सतरंजीवर नाहीतर दोघंही बाकावर. दहा मिनिटं. पंचवीस घरं आहेत तर एका दिवसात होत नाही, दोन-तीन दिवस करा, आणि बाकीच्यांना बाहेर ताटकळत ठेवू नका, साधारण वेळ सांगून ठेवा की तुमच्या गल्लीचे नऊला, खालच्या आळीचे दहाला.

आणि त्या दहा मिनिटांत आपण पहिले बोलायचं नाही, विचारायचं. आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा, त्यांचं कीर्तन कसं चालायचं आठवा, बाबा प्रश्न विचारायचे आणि समोरचे लोक उत्तर देत जायचे, कर्ज काढून सण करावा का, दारू प्यावी का, लोकच म्हणायचे नाही नाही. समोरच्याकडून काढून घ्यायची ती रीत आहे, आणि ती याच मातीतली आहे. तर विचारा, "भाऊ, घरी कसा राह्यते हा? काय करायले आवडते त्याले?"

याचं एक उदाहरण सांगते, ते मी कितीदा सांगितलं असंन पण लिहिलं कधीच नाही. चौथीतली एक मुलगी, वजाबाकी येत नव्हती, हातच्याची तर नाहीच. मी तिच्या नोंदवहीत तसं लिहून ठेवलेलं. आई आली बाजाराच्या दिवशी, बोटांच्या टोकांना बोंडाचे काटे लागून लागून काळ्या भेगा पडलेल्या, सही करायला पेन धरला तर दुखते म्हणाली, मग अंगठाच दिला. मी सुरुवातच करणार होते की गणितात मागे आहे, पण त्या दिवशी का कोण जाणे, आधी विचारलं की घरी काय करते पोरगी. तर ती म्हणे, "काई नाही मॅडम, शाळेतून आली का वजनाच्या काट्यावर बसते. बायायचा कापूस मोजून झाला का कोनाचे किती पैसे झाले ते तेच सांगते, कोनं उचल घेतली असंन तर ते कमी करून सांगते. माहा तर हिशोब जमत नाही, तिच्यावरच हाये सारं."

उचल कमी करून सांगते! म्हणजे तीन आकडी वजाबाकी, तोंडी, रोज, आणि चुकली तर पाच बाया तिच्या अंगावर येतील अशा ठिकाणी. आणि माझ्या वहीत लिहिलेलं की वजाबाकी येत नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर उभी मांडणी न करता उचलीचाच हिशोब घातला, मग तोच उभा मांडून दाखवला, चार दिवसांत झालं. ती आई आली नसती, किंवा आली असती आणि मीच बोलत बसले असते, तर ते वर्ष तसंच गेलं असतं.

विचारून झालं की दाखवायचं. सांगण्यापेक्षा दाखवणं. वहीचं जुलैमधलं एक पान आणि आत्ताचं एक पान शेजारी शेजारी ठेवायचं. आई-बाप शिकलेले नसले तरी त्यांना दिसते की आधी अक्षरं ओळीच्या वर-खाली जात होती, आता ओळीवर बसली, आधी अर्धं पान रिकामं होतं, आता भरलं. मी पाहिलं आहे की आया त्या पानावरून हात फिरवतात. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच एकेक पान फाडून किंवा फोटो काढून ठेवावं लागते, ऐन वेळी शोधायला गेलं तर जुनी वही रद्दीत गेलेली असते.

आणि शेवटी अडचण सांगायची, एकच. गृहपाठ नाही, गोंधळ, उशिरा येणं, दप्तर मळकं, असं सगळं एका दमात नाही. एकच, आणि त्याच्यावर घरी होईल असं काम. "रात्री जेवण झालं का दहा मिनिटं तुमच्यासमोर मोठ्यानं वाचू द्या, तुम्ही फक्त ऐका" हे कोणाही बापाला जमते, त्याला वाचता येत नसलं तरी. निघताना हे पण स्पष्ट म्हणा की भाऊ, आज जे बोललो त्याच्यावरून घरी मारू नका, तो माझ्यावर रुसंन. लेकरू समोर बसलेलंच बरं, त्याच्याबद्दल जे बोललं ते त्याने ऐकलेलं असावं.

तुमच्या त्या मुलाच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही. तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा, वडील असताना जा, आणि त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगून या, खरी. शोधली तर सापडेल.

प्रश्न: मी वर्धा जिल्ह्यातली आहो. माझं शिक्षण चौथी. मुलगी पाचवीत आहे. मॅडम सभेत आकारिक, संकलित, श्रेणी असं काहीबाही बोलतात, मला समजत नाही, विचारायची लाज वाटते म्हणून मान हलवून येते. काय विचारायचं असते सभेत?

बाई, लाज तुम्ही नका वाटून घेऊ, समजेल असं बोलायची जबाबदारी आमची आहे. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात चालता-चालता जे पाहिलं जाते ते, तोंडी काम, प्रकल्प, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा, दिवाळीच्या आधी एक आणि उन्हाळ्यात एक. दोन्हींचं मिळून मार्काऐवजी श्रेणी देतात, अ, ब अशी. झालं, एवढंच आहे ते.

तुमची मुलगी पाचवीत आहे म्हणून एक महत्त्वाचं. मधली बरीच वर्षं आठवीपर्यंत कोणाला नापास करत नव्हते, पण आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झालं तर पुन्हा एकदा परीक्षेची संधी मिळते, आणि त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात ठेवतात. म्हणून एप्रिलपर्यंत थांबू नका, आत्ताच विचारा: माझ्या मुलीला तिच्या पुस्तकातलं पान न अडखळता वाचता येते का? गुणाकार-भागाकार येतो का? कोणता विषय कच्चा आहे आणि त्याच्यासाठी तुम्ही काय करता, मी काय करू? आणि वर्गात ती बोलते का, तिच्या मैत्रिणी आहेत का, हे पण. समजलं नाही तर सरळ म्हणा, "मॅडम, मले वही उघडून दाखवा." कोणतीही मॅडम नाही म्हणणार नाही.

हे वाचणाऱ्या शिक्षकांनो, एक विनंती. वर्णनात्मक नोंदी आपण लिहितो न, त्या नोंदी शासनाच्या मराठीत असतात. सभेच्या आदल्या रात्री बसून एकेका नोंदीचं घरच्या भाषेत करून ठेवा. "आकलनक्षमता सुधारणे आवश्यक" याचं "वाचते बरोबर पण काय वाचलं ते सांगता येत नाही" असं केलं की बापाला लगेच समजते, तो म्हणतो हो हो, टीव्हीची बातमी पण त्याले सांगता येत नाही.

प्रश्न: मी मेळघाटात शिकवतो. पालक कोरकू बोलतात. सभेत सगळे शांत बसतात, "हो गुरुजी" म्हणतात आणि जातात. समजलं की नाही काही कळत नाही.

सर, मी मेळघाटात काम केलेलं नाही, पण आमच्याकडे कोलामी बोलणारे पालक होते आणि तिथे पण असंच "हो" यायचं. ते "हो" आदराचं असते, समजल्याचं नसते. दुभाष्या लागतोच, अंगणवाडी सेविका गावातलीच असते, ती सगळ्यात चांगली, नाहीतर आशाताई. त्याच लेकराला मध्ये घेऊन त्याच्याच अभ्यासाचं भाषांतर करायला लावू नका, ते लेकरू अडचणीत येते, आणि त्याला जे सांगायचं नाही ते गाळते, स्वाभाविक आहे. आणि तुम्ही स्वतः पाच-पंचवीस शब्द शिका, बसा, पाणी घ्या, पोरगं हुशार आहे, काल का नाही आलं, एवढे तरी. मोडके बोललात तर लोक हसतील, हसल्यावर बोलायला लागतील.

कामासाठी बाहेर गेलेल्या घरचं पण तिकडे जास्त असते. आई-बाप वीटभट्टीवर आणि सभेला आजी आली तर तीच पालक, तिला "आई-वडील का नाही आले" हा पहिला प्रश्न विचारू नका. तिच्यासमोरच तिच्या लेकाला फोन लावा, स्पीकरवर, तिघं मिळून बोला.

प्रश्न: आमच्याकडे पालक सभा म्हणजे भांडण. खिचडीत डाळ कमी, संडासला पाणी नाही, भिंतीला ओल, आणि दोन-तीन जण पार्टीचं राजकारण काढतात. लेकरांवर बोलायला वेळच उरत नाही. (अकोला जिल्हा, मुख्याध्यापक)

सर, खिचडी आणि पाण्याची तक्रार खोटी नाही, ती दाबू नका. पण तिची जागा शाळा व्यवस्थापन समिती. समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात, आणि निम्म्या महिला, हे कायद्यातच आहे, आणि शाळेचं काम कसं चालते ते पाहणं हे त्या समितीचंच काम आहे. दोन्ही सभा एका दिवशी एकत्र उरकण्याची सवय आहे आपल्याला, फोटो आणि सह्या एकदाच होतात म्हणून, तिथेच घोळ होतो. वेगळ्या दिवशी घ्या.

तरी पालक सभेत कोणी तक्रार काढलीच तर एक वही ठेवा, त्याच्यासमोर त्याच्याच शब्दात लिहा, वाचून दाखवा, समितीच्या बैठकीची तारीख सांगा. आणि पुढच्या सभेची सुरुवात त्या वहीपासून करा, मागच्या वेळी पाण्याचं लिहिलं होतं, ग्रामपंचायतीला पत्र दिलं, टाकी बसली, किंवा बसली नाही आणि का नाही. हे दोन वेळा केलं की आवाज खाली येतो, कारण माणूस ओरडतो ते ऐकलं जात नाही म्हणून. राजकारणवाल्यांसाठी वेगळा उपाय करायची गरज पडत नाही, सभा एकेका घराशी दहा-दहा मिनिटांची झाली की त्यांना ऐकायला गर्दीच राहत नाही.

एक मात्र करा, पाण्याचा माठ आणि चहा ठेवा. शाळेच्या अनुदानात बसत नाही हे मला माहीत आहे, आम्ही चार शिक्षक मिळून वर्गणी करायचो. उन्हातून चालत आलेल्या माणसाला आधी पाणी विचारलं की त्याचा खिचडीचा प्रश्न पण वेगळ्या आवाजात येतो.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवा, खास करून ज्या आयांना सभेत काय झालं ते सांगायचं आहे त्यांनी. लिहिता येत नसलं तर पोरीकडून लिहून घ्या किंवा व्हॉइस मेसेज करा, मी ऐकून लिहून घेईन.